नळांत अडकलेली हवा

दाराला मूठ नव्हती.

शिपाईमामांनी बॅटरीचा झोत त्या जागेवर धरला. मुठीच्या जागी नुसतं एक चौकोनी भोक होतं, करंगळी जाईल एवढं.

"सकाळी होती," ते म्हणाले. "बॉयलर बंद पडला तेव्हा मी इथूनच गेलो की. चांगली पितळी मूठ होती, बाई."

फौजदारबाईंनी दाराला कान लावला. आत सामसूम. त्यांनी दार ढकललं, खांदा लावला. दार ढिम्म हललं नाही.

बैठक पुन्हा सुरू व्हायची वेळ टळून गेली होती आणि अध्यक्षबाईंचा पत्ता नव्हता. जेवणानंतर त्या घटकाभर पडायच्या, म्हणून आधी कुणी हाक मारली नाही. मग खोलीत पाहिलं, तर अंथरुणाची घडीही मोडलेली नव्हती. वरचे दोन्ही मजले पालथे घालून झाले होते. राहिलं होतं ते तळघर.

शिपाईमामांनी खिशातला स्क्रू-ड्रायव्हर त्या भोकात खुपसला आणि पिरगळला. आत काहीतरी खट्‌ झालं. दार उघडलं.

मोडक्या बाकांच्या मधोमध अध्यक्षबाई कुशीवर पडल्या होत्या. ओठ निळे पडले होते. एका हाताची मूठ काठीभोवती आवळलेली. फौजदारबाईंनी गुडघ्यांवर बसून त्यांच्या नाकापाशी हात धरला. श्वास होता. इतका बारीक, की असल्या-नसल्यासारखा.

"दम्याचं औषध!" फौजदारबाई ओरडल्या. "वर पर्समध्ये असेल, पळा!"

मामा या वयात जिन्यावरून पळाले.

*

रुग्णवाहिकेसाठी फाटकाचं सील तोडावं लागलं. ती गेली आणि हवालदाराने नवं सील ठोकलं. हातोडीचा आवाज सगळ्या इमारतीत घुमला.

ही इमारत म्हणजे मास्तर घडवण्याचं जुनं विद्यालय. आता ओस पडलेलं. उंच भिंत, प्रत्येक खिडकीला गज, एकच फाटक. सरकारने नेमलेल्या आयोगाचे चार सभासद आठवडाभर इथे बंद होते. फोन कपाटात, कपाटाची किल्ली फौजदारबाईंच्या गळ्यात. बाहेरचा माणूस आत नाही, आतला बाहेर नाही. नळांतून गरम पाणी फिरवून खोल्या तापवणारा बॉयलर दुरुस्त करणाऱ्यालासुद्धा नाही. म्हणून तर आज सकाळपासून सगळी इमारत गारठली होती, आणि दिवाणखान्यात विजेची एक शेगडी कशीबशी तापत होती.

एवढा कडेकोट बंदोबस्त कशासाठी? तर शाळांच्या पैशासाठी.

या राज्यात ज्या भागातल्या घरांचा कर जास्त, त्या भागातल्या सरकारी शाळेला पैसा जास्त. बंगल्यांच्या वस्तीत शाळेला पोहण्याचा तलाव, आणि डोंगरापलीकडे छताखाली बादल्या. आयोगाच्या मसुद्यात म्हटलं होतं, सगळा पैसा एका ठिकाणी गोळा करा. प्रत्येक मुलाला सारखा वाटा द्या, आणि ज्याचं घर गरीब त्याला वर थोडा जास्त. हा मसुदा बाहेर फुटला, तर रातोरात घरांचे भाव वरखाली होतील, मोर्चे निघतील. म्हणून हा कोंडवाडा.

आज शेवटचा दिवस होता. संध्याकाळी आयोगाची मुदत संपणार होती. तोवर मत झालं नाही, तर मसुदा केराच्या टोपलीत. नियम असा की मताला तीन सभासद तरी हजर हवेत.

तीन उरले होते. आणि त्यांतल्याच एकाने चौथीला कोंडलं होतं.

मामा जेवणवेळेपासून स्वयंपाकीणबाईंबरोबर भांडी आवरत होते. हवालदार फाटकावर होता. राहिले तिघे.

झडती घ्यावी, तर सभासदांची झडती अध्यक्षांच्या परवानगीशिवाय घेता येत नव्हती. आणि अध्यक्ष स्ट्रेचरवर.

"काय पण कायदे करतात," हवालदार पुटपुटला.

"तपासाला तोंड आहे ना आपल्याला?" फौजदारबाई म्हणाल्या. "बोलव एकेकाला."

*

पहिले आले बिल्डरसाहेब. बंगल्यांच्या वस्तीतून निवडून आलेले, आणि त्या वस्तीतली निम्मी घरं त्यांनीच बांधलेली. मसुद्याला पहिल्या दिवसापासून त्यांचा विरोध. ते सगळ्या राज्याला ठाऊक होतं.

"जेवणानंतर कुठे होतात?"

"खोलीत. झोपलो होतो."

"कुणी पाहिलं?"

"झोपताना मी साक्षीदार ठेवत नाही."

"अध्यक्षबाई मसुद्याच्या बाजूने होत्या. त्या नसल्या तर तुमचा फायदा."

"कसा? त्या नसल्या तरी गुरुजी आणि मॅडम दोघं आहेत. मी एकटा. मला हरायचंच आहे, तर एका म्हाताऱ्या बाईला कोंडून हरू होय?"

हे मात्र खरं होतं. फौजदारबाईंनी ते मनात टिपलं.

"दारांच्या मुठी कशा बसवतात, तुम्हाला माहीत असेल."

"हजारो बसवल्यात. आतून-बाहेरून दोन मुठी, मधे एक चौकोनी दांडी. बाहेरची मूठ दांडीसकट ओढून काढली की आतली नुसती गरागरा फिरते. आतला माणूस अडकला." ते थांबले. "हे सांगून मीच अडकलो वाटतं."

"जेवणानंतर काही ऐकलंत?"

"खोलीत काही नाही. मग दिवाणखान्यात येऊन बसलो, तेव्हा नळ वाजत होते. भिंतीतून ठक-ठक, ठक-ठक. मॅडम म्हणाल्या, हे काय? गुरुजी म्हणाले, जुने नळ आहेत, हवा अडकली की वाजतात, आमच्या शाळेतही वाजतात. मग थांबलं ते."

व्हरांड्यातून जाताना ती ठक-ठक फौजदारबाईंनीही ऐकली होती. ऐकून पुढे गेल्या होत्या.

बिल्डरसाहेब उठले. दारात वळून हलक्या आवाजात म्हणाले, "तुम्ही आमच्याच वसाहतीत राहता ना, बाई? मुलगी तिथल्याच शाळेत. आज मत झालंच नाही, तर तिचं काही बिघडत नाही. सहज बोललो."

ते गेले. फौजदारबाई खिडकीच्या गजांकडे बघत राहिल्या. त्या शाळेसाठीच तर नवऱ्याने आणि त्यांनी पोटाला चिमटा घेऊन तिथे घर घेतलं होतं. मसुदा पास झाला, तर शाळा साधी होणार, घराचा भाव पडणार. आता त्या गुन्हेगाराला शोधत होत्या, आणि जो कुणी सापडेल त्याच्यामुळे उरायचे दोनच सभासद. मत बारगळणार. उद्या लोक काय म्हणतील, ते सांगायला ज्योतिषी नको होता.

*

गुरुजी आले ते अंगात लांब कोट घालूनच. दिवाणखान्यातही ते शेगडीच्या अगदी शेजारी, कोटाची सगळी बटणं लावून उभे होते. साठीला टेकलेला, काटक माणूस. कोटाचा एक खिसा खाली ओघळलेला. चाळिशी वर ढकलून त्यांनी आधीच विचारलं, "कशा आहेत त्या?"

"शुद्धीवर नाहीत. बसा ना."

"उभाच बरा. पाठ धरलीय."

"जेवणानंतर कुठे होतात?"

"मागच्या व्हरांड्यात फेऱ्या मारत होतो. बंद जागेत जीव घुसमटतो माझा."

"तुमची शाळा केवढी हो, गुरुजी?"

त्यांचा चेहरा मोकळा झाला. "दोन खोल्या आणि मी. मीच हेडमास्तर, मीच सुतार, मीच गवंडी. अख्ख्या गावाच्या मधोमध आहे. घंटा दिली की घराघरातून पोरं धावत सुटतात. एखादीच्या तोंडात घास असतो, तशीच येते. मधल्या सुट्टीत घरी जाऊन आईला बघून येतात."

"पैशाची ओढाताण?"

"ओढाताण कसली, पैसा दिसला तर ओढू ना." ते हसले. "एका पुस्तकावर चौघं वाचतात. समोर बसलेल्याला उलटी अक्षरं वाचायची सवय झालीय."

"या मसुद्यातून तुम्हाला काय हवंय?"

"मुलांना आपल्या दारात धड शाळा हवी. बाकी काही नको. पहाटे अंधारात उठवायचं, बसमध्ये कोंबायचं, घाट उतरताना पोरांनी ओकाऱ्या काढायच्या आणि पांढऱ्याफटक तोंडाने वर्गात बसायचं. याला काय शिक्षण म्हणतात?"

त्यांचा आवाज एकदम चढला होता. त्यांनी तो आवरला.

"अध्यक्षबाईंचा कुणाला राग होता?"

"त्यांचा राग कोण करेल? देवमाणूस आहे. परवा दिवाणखान्याची खिडकी लागेना, तर मी नाण्याने खिटी बसवून दिली. तेव्हा शेजारी उभ्या राहून लहान मुलीसारख्या बघत होत्या." गुरुजींनी मान खाली घातली. "त्यांना दमा आहे हे कुणालाच माहीत नव्हतं का हो?"

"मला होतं. तुम्हाला?"

"नाही," ते म्हणाले. आणि त्या एका शब्दावर फौजदारबाईंचा पूर्ण विश्वास बसला.

*

मग प्राध्यापिका मॅडम आल्या. मसुद्यामागचं सगळं गणित त्यांचं. दहा वर्षं याच एका कामामागे लागलेली बाई.

"जेवणानंतर दिवाणखान्यातच होते. एकटीच. मग गुरुजी आले, मग बिल्डरसाहेब."

"गुरुजी आले तेव्हा कसे होते?"

"गारठले होते. शेगडीपाशी गेले. मी म्हटलं कोट काढा, घाम येईल. नाही म्हणाले. मग ते नळ वाजायला लागले." त्यांनी ओठ चावला. "ते नळ नव्हते. हो ना?"

फौजदारबाईंनी पुढचा प्रश्न विचारला.

"अध्यक्षबाई आपणहून तळघरात गेल्या असतील?"

"गुडघे धरलेले त्यांचे. कुणी फार आपल्या माणसाने बोलावलं, किंवा त्यांनाच कुणाशी एकांतात बोलायचं असलं, तरच."

"त्यांना काय बोलायचं होतं?"

मॅडमनी दाराकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मला नाही सांगता येणार. आमचं ठरलंय."

"आमचं म्हणजे कुणाचं?"

मॅडम उठूनच गेल्या.

*

फौजदारबाई एकट्याच पुन्हा तळघरात उतरल्या. मघाशी जीव वाचवायच्या धांदलीत खोलीकडे नीट बघितलंच नव्हतं.

शाळेच्या जुन्या बाकांवर बोटभर धूळ होती. दोन बाकं समोरासमोर ओढलेली. एकावरची धूळ स्वच्छ पुसलेली, रुमालाच्या कडेचे फराटे दिसत होते. दुसऱ्यावर धूळ तशीच, आणि मधोमध माणूस बसल्याचा ठसा.

ज्याने त्या बाईंना कोंडलं, त्याने आधी त्यांच्यासाठी बाक पुसलं होतं.

भिंतीलगत गरम पाण्याचा नळ वर गेला होता. कमरेच्या उंचीवर त्याचा पांढरा रंग ताजा उडालेला. काठीचे घाव. खालचे घाव फिके आणि विस्कळीत होते. उभं राहता येईनासं झाल्यावर त्या बसून ठोकत राहिल्या असाव्यात.

फौजदारबाईंनी नळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. बर्फ.

बॉयलर सकाळपासून बंद. ज्या नळांतून गरम पाणीच फिरत नाही, ते वाजतील कसे?

त्या जिना चढून थेट मॅडमच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

"आता ठरलंय-बिरलंय राहू द्या. ती बाई तिकडे मरणाच्या दारात आहे. सांगा."

मॅडमनी तोंडावर हात घेतले. "मसुद्यात एक कलम वाढणार होतं. अगदी लहान शाळा बंद करून मुलांना जवळच्या मोठ्या शाळेत न्यायचं. त्यातून खर्च वाचतो. तेवढं केलं तर बिल्डरसाहेब विरोध सोडणार होते. अध्यक्षबाईंना एकमत हवं होतं. तीन विरुद्ध एक असं निघालं, तर पुढचं सरकार चुटकीसरशी मोडून टाकेल, म्हणाल्या. मीही मान डोलावली. दहा वर्षं हो! मला ते संपताना बघायचं नव्हतं."

"हे कधी ठरलं?"

"आज सकाळी. आम्ही तिघंच होतो. कागदावर एक अक्षर नाही."

"गुरुजींना?"

"आज मताच्या वेळी कळणार होतं. शेवटच्या क्षणी ते मोडता घालणार नाहीत, असं धरून चाललो होतो. त्यांच्या तोंडावर सांगायची आमची कुणाची छाती झाली नाही. त्यांची शाळा जाणार होती त्यात. मुलांना घाट उतरून जावं लागणार होतं, रोज, बसने."

फौजदारबाई भिंतीला टेकल्या.

"कलम मांडणार कोण होतं?"

"अध्यक्षबाई."

"त्या आल्याच नसत्या तर?"

"तर जुनाच मसुदा मताला; त्या नसताना गुरुजींविरुद्ध साहेबांच्या बाजूने मी हात वर केला नसता. बिल्डरसाहेब विरोधात, मी आणि गुरुजी बाजूने. पास." मॅडम बोलता बोलता थांबल्या. त्यांनी फौजदारबाईंकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "नाही," त्या म्हणाल्या. "नाही हो. गुरुजी नाही."

*

दिवाणखान्यात उजेड उतरत चालला होता. खिडक्यांच्या गजांच्या सावल्या लांबट होऊन टेबलावर पडल्या होत्या. तिघे सभासद बसले होते, म्हणजे दोघे बसले होते. गुरुजी शेगडीपाशी उभे. दाराशी हवालदार.

"मत लवकर उरका, बाई," बिल्डरसाहेब म्हणाले. "नाहीतर उरकूच नका."

"मला थोडं बोलायचंय. मग तुम्ही काय करायचं ते करा." फौजदारबाईंनी खुर्ची ओढली नाही. "मी सुरुवातीलाच चुकले. मला वाटलं, अध्यक्षबाई नकोशा झाल्या म्हणजे मसुदा नकोसा असलेल्याला. पण साहेब बरोबर बोलले. त्या गेल्या तरी साहेब हरणारच. त्यांच्या नसण्याने एकच गोष्ट बदलते. आज सकाळी तुम्ही तिघांनी जे कलम ठरवलं, ते मांडलं जात नाही."

बिल्डरसाहेबांनी झटकन मॅडमकडे बघितलं. मॅडम टेबलाकडे बघत होत्या.

"म्हणजे ज्याने कोंडलं त्याला मसुदा हवा होता, कलम नको होतं. मॅडमनी कलमाला मान डोलावली होती. साहेबांसाठी तर ते केलेलंच होतं. उरतो एक. पण त्याला ते ठाऊक कसं? कागद नाही, फोन नाही. एकच वाट आहे. अध्यक्षबाईंनी स्वतः सांगितलं. तुमची छाती झाली नाही, त्यांची झाली. चारचौघांत नको, म्हणून त्या दुखऱ्या गुडघ्यांनी तळघर उतरल्या. ज्याच्याबरोबर गेल्या त्याने त्यांच्यासाठी बाक पुसलं. स्वतः मात्र धुळीतच बसला."

त्या शेगडीकडे वळल्या.

"गुरुजी, मघाशी तुम्ही मला सांगितलंत की तुमची मुलं घराघरातून धावत येतात, मधल्या सुट्टीत आईला बघून येतात. आणि लगेच म्हणालात, अंधारात उठायचं, घाट उतरायचा, बसमध्ये ओकायचं. दोन्ही एकाच मुलांचं कसं असेल? एक आजचं आहे. दुसरं कलम लागू झाल्यावरचं. तुम्ही ते डोळ्यांनी बघून आल्यासारखं बोललात."

गुरुजींचा हात कोटाच्या खिशावर गेला.

"नळ वाजत होते, तेव्हा हवा अडकलीय म्हणालात. तुमच्या शाळेचा बॉयलर तुम्हीच सांभाळत असणार. थंड नळ वाजत नाहीत हे मला कळलं नाही, यांना कळलं नाही. तुम्हाला कळणारच. आणि घामाने डबडबलात तरी कोट काढला नाहीत, बसला नाहीत. पाठ धरलीय म्हणून नाही. तळघरातून आल्यावर कोट चढवलात; तो काढला तर मागे तळघराची धूळ दिसेल, आणि बसलात तर खिशातलं खुर्चीवर आपटेल."

"झडती घेता येत नाही," बिल्डरसाहेब घाईघाईने म्हणाले. गुरुजींना वाचवण्यासाठी बोलणारे पहिले तेच, हे बघून मॅडमसुद्धा चकित झाल्या.

"घेतही नाही. मला एवढंच म्हणायचंय की ज्याला जीव घ्यायचा असतो, तो मूठ फेकून देतो. ही जपून ठेवलीय. मत झालं की खाली जाऊन दार उघडायचं होतं."

गुरुजींनी खिशातून पितळी मूठ काढली. चौकोनी दांडीसकट. ती त्यांनी टेबलावर ठेवली, हलकेच, आवाज होऊ न देता.

"त्यांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं," ते म्हणाले. "म्हणाल्या, गुरुजी, माझ्यावर रागवा, पण हजारो मुलांना मिळतंय. मी म्हटलं, माझ्या अठ्ठावीस जणांचं काय? त्या रडल्या. मी पाणी आणतो म्हणून उठलो. बाहेर आलो. दार लागलं, आणि मूठ हातात ढिली लागली. गेले सहा दिवस मी या इमारतीतलं सगळं ढिलं झालेलं घट्ट करत फिरतोय. ही मात्र ओढली."

शेगडी तडतडली.

"शेवटी सांगेन, पाया पडेन, असं मनाशी चाललं होतं. मग ती ठक-ठक सुरू झाली. मॅडमनी विचारलं, हे काय? तेव्हाही उठता आलं असतं. माझ्या तोंडून निघून गेलं, हवा आहे. एकदा म्हटल्यावर मग..." त्यांनी चाळिशी काढून हातात घेतली. "थांबलं, तेव्हा मला वाटलं दमून बसल्या असतील. मी देवाशपथ सांगतो, बरं वाटलं मला. थांबल्याचं."

मॅडम हुंदका देऊन उठल्या आणि खिडकीकडे गेल्या. गजांना धरून उभ्या राहिल्या.

फौजदारबाईंनी घड्याळाकडे बघितलं. यांना आत्ता बेड्या घातल्या की राहिले दोन. मसुदा संपला. लेकीची शाळा वाचली, घर वाचलं, आणि कुणी बोट दाखवू शकणार नाही. कायद्याप्रमाणेच तर वागल्या. आणि न घालाव्यात, तर ज्याने हा गुन्हा केला त्याच्याच मताने निकाल लागणार. दोन्हीकडून भिंती सरकत आल्यासारखं झालं त्यांना.

"हवालदार," त्या शेवटी म्हणाल्या, "गाडी मागवा. गाडी आली की मी अटक करेन. तोवर हे सभासद आहेत. मी बाहेर थांबते."

"थांबा ना, बाई," गुरुजी म्हणाले. "आतच थांबा. मला एक कलम मांडायचंय."

मॅडम गर्रकन वळल्या. "गुरुजी, गरज नाही त्याची. जुनाच मसुदा घेऊ. तुम्ही आणि मी पुरे आहोत."

"म्हणजे मी जे करायला गेलो, तेच झालं की. त्या बाईंना कोंडलं म्हणून पास झालं. उद्या मुलांनी विचारलं तर काय सांगायचं?" त्यांनी कोटाची बटणं एकेक करून काढली. कोट खुर्चीवर टाकला. पँटच्या मागे धुळीचा करडा पट्टा होता आणि आता तो लपवायची त्यांना गरज नव्हती. "लहान शाळा जवळच्या मोठ्या शाळेत मिळवण्याचं कलम मी मांडतो. साहेब, तुमचं मत?"

बिल्डरसाहेबांनी मुठीकडे बघितलं.

"पहिली-दुसरी गावातच राहू दे," ते एकदम खेकसले. "एक खोली, एक बाई. एवढीएवढी पोरं काय घाट उतरणार? एवढं घाला कलमात, मग माझं मत घ्या. आणि माझ्याकडे असं बघू नका कुणी."

तिन्ही हात वर झाले. मॅडमचा सगळ्यात उशिरा.

फाटकाबाहेर गाडीचा हॉर्न वाजला. हवालदाराने सील तोडलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदारबाई जबाब घ्यायला इस्पितळात गेल्या. घरी अजून त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. नवऱ्याने रेडिओवर बातमी ऐकली होती आणि लेकीचा डबा भरताना तो एक शब्द बोलला नव्हता.

अध्यक्षबाई उशांना टेकून बसल्या होत्या. आवाज खोल गेलेला.

"दार जुनं होतं," त्या म्हणाल्या. "आपोआप अडकलं. लिहा."

"गुरुजींनी जबाब दिलाय. सगळा. सही करून."

अध्यक्षबाईंनी डोळे मिटले. मग विचारलं, "मत झालं?"

"झालं. एकमताने. तुमचं कलम त्यांनीच मांडलं. साहेबांनी त्यात थोडं बदललं."

"आणि तुम्ही त्यांना मत देऊ दिलंत. तुमचं घर त्या वस्तीत आहे ना? साहेब सांगत होते."

"आहे."

"वरून विचारतील तुम्हाला. अटक उशिरा का केली, म्हणून."

"विचारू देत. गाडी उशिरा आली."

अध्यक्षबाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, हसण्याच्या जवळचं. मग ते विरून गेलं.

"मी ठोकत होते ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा मला सारखं वाटत होतं, गुरुजी वर आहेत, त्यांना तरी कळेल." त्यांनी पांघरुणाची कड चापून-चोपून सरळ केली. "त्यांना वकील मिळालाय?"

"नको म्हणतात."

"त्यांना काय विचारायचंय? माझ्या हाताखाली एक मुलगी काम करायची. आता वकिलीत नाव काढलंय तिने. असल्या माणसांना ती वाऱ्यावर सोडत नाही. तिला जाऊन भेटा. मी पाठवलं म्हणून मात्र सांगू नका कुणाला. फिर्यादीच्या बाजूची मी." त्या दम खायला थांबल्या. "तिचा पत्ता सांगते."

फौजदारबाईंनी जबाबाचा कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पत्ता लिहून घेतला.